इंग्लंडमध्ये ए लेव्हलचं भौतिकशास्त्र: पहिल्या चाचणीत ‘डी’ आला म्हणून विषय सोडावा का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तीन वर्षांपूर्वी तुम्ही नाशिकहून मिल्टन कीन्सला आलात. लेकीनं इथे जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) केलं, भौतिकशास्त्रात आणि गणितात ८ मिळवले, सर्वात वरची श्रेणी ९ असते. सप्टेंबरपासून ती सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे ए लेव्हलच्या दोन वर्षांत (आपली अकरावी-बारावी), भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्र शिकते आहे, आणि पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात ‘डी’ आला. ती म्हणते, मला हे जमणार नाही, विषय बदलून घेते. तिचे बाबा म्हणतात, अभ्यासक्रम आपल्या अकरावी-बारावीपेक्षा सोपा दिसतो, मग गुण कुठे जातात? भारतातल्या क्लासचं ऑनलाइन जेईई लावू. आणि पुढे विद्यापीठात भौतिकशास्त्रच घ्यायचं झालं तर फर्दर मॅथ्सवाचून (वरच्या पातळीच्या गणिताचा वेगळा ए लेव्हल विषय) अडेल का, हे तुम्हाला हवंय.

विषय बदलू नका. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. एकवीस वर्षं इंग्लंडमधल्या सरकारी शाळांच्या सिक्स्थ फॉर्मला हाच विषय शिकवते आहे, आणि दरवर्षी ऑक्टोबरात माझ्या वर्गातली ८ आणि ९ मिळवलेली मुलं पहिल्या चाचणीनंतर अशीच पडलेल्या चेहऱ्यानं बसलेली असतात. त्यातली बरीच पुढच्या वर्षी ‘ए’ घेऊन बाहेर पडतात. तिचा ‘डी’ काय सांगतो आहे ते मात्र नीट वाचायला हवं. तो हुशारीबद्दल काही सांगत नाही. जीसीएसईला चालून गेलेली सवय इथे चालत नाही, एवढंच तो सांगतो.

जीसीएसईचं भौतिकशास्त्र बरंचसं ओळखण्यावर चालतं. प्रश्न पाहिला, कुठल्या धड्यातला आहे ते ओळखलं, सूत्रात आकडे घातले, झालं. ए लेव्हलचा प्रश्न एका धड्यात राहत नाही. एका तारेवर वजन टांगलेलं असतं, तार तापते, तिचा रोध बदलतो, आणि प्रश्न विचारतो की मीटरवरचा आकडा वाढेल की कमी होईल, आणि का. त्या ‘का’ला तीन-चार गुण असतात.

तिच्या बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते आधी घेते. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा आहे. इथे त्यातलं जडत्व आघूर्ण (मोमेंट ऑफ इनर्शिया) बहुतेक मुलांच्या वाट्याला येतच नाही. एक्यूए या परीक्षा मंडळात ते ‘इंजिनिअरिंग फिजिक्स’ या ऐच्छिक भागात आहे, आणि शाळेनं तो भाग निवडला तरच शिकवतात. भौतिकशास्त्राच्या पेपरात कलन करावं लागत नाही. सूत्रांची पुस्तिका परीक्षेत हातात मिळते, कॅल्क्युलेटर चालतो. लॉग टेबल घेऊन बारावी दिलेल्या आपल्या पिढीला हे फारच सोपं वाटतं.

पण सूत्रं हातात देण्यामागे विचार आहे. सूत्र आठवतं का, हे त्यांना तपासायचंच नाही. ते कधी लागू पडतं, कधी पडत नाही, आणि त्यातून निघालेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे तपासायचं आहे. आपल्याकडे शिकलेल्या मुलांचं आणि पालकांचं घोडं इथेच अडतं. मी स्वतः सांगलीकडे शिकले, गणितं झरझर सोडवायचे. इथे शिकवायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका गुणदान तक्त्यापुढे ठेवून बसले, तेव्हा लक्षात आलं की यातले कितीतरी शब्दांतले प्रश्न मलाही पूर्ण गुणांनी लिहिता आले नसते.

एक उदाहरण घ्या. पॅराशूट न उघडलेला माणूस विमानातून उडी मारतो. त्याचा वेग कसा बदलतो आणि शेवटी स्थिर का होतो, ते समजावून सांगा. तुमच्या लेकीनं बहुधा असं लिहिलं असेल: ‘गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अवरोध समान होतात, म्हणून वेग स्थिर होतो.’ चूक काहीच नाही, पण यात फार तर दोन गुण आहेत. परीक्षकाला साखळी हवी असते. उडी मारताक्षणी वेग शून्य, म्हणून अवरोधही शून्य. बल एकच, वजन, म्हणून त्वरण ९.८१. वेग वाढतो तसा अवरोध वाढतो, वजन तेवढंच राहतं. म्हणून परिणामी बल कमी होत जातं, आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमानं त्वरणही कमी होतं. वेग मात्र अजून वाढतोच आहे, फक्त हळू वाढतो आहे. अवरोध वजनाइतका झाला की परिणामी बल शून्य, त्वरण शून्य, आणि वेग जिथे पोहोचला तिथेच राहतो. कडी गळली की गुण गळतो.

‘त्वरण कमी होतं’ आणि ‘वेग कमी होतो’ यांतला गोंधळ तर मी दरवर्षी पाहते. ज्या मुलाला हे सहा वाक्यांत बिनचूक लिहिता येतं त्याला न्यूटनचा दुसरा नियम खरा कळला आहे. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण हे पाठ असलेल्याला तो कळला असेलच असं नाही. म्हणून मला ही पद्धत आवडते. भाषेचा पेपर वाटतो, पण भौतिकशास्त्र नेमकं त्या ‘म्हणून’मध्ये असतं.

हे घरी शिकवता येतं, आणि त्यासाठी तुम्हाला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं तिनं तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगावी. मराठीत सांगितली तरी उत्तम. तुम्ही फक्त ‘का?’ विचारत राहा. गाडी चालू करताना दिवे क्षणभर मंद का होतात? ती म्हणेल, बॅटरीवर ताण येतो. ताण म्हणजे काय? मग तिला सांगावं लागेल की बॅटरीच्या पोटातही थोडा रोध असतो. स्टार्टर मोटर समजा २०० अँपिअर ओढते आणि आतला रोध ०.०१ ओहम आहे, तर २ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च होतात, आणि १२ ऐवजी दिव्यांना १० च मिळतात. विद्युतधारा जितकी जास्त तितकी आतली घट जास्त. हे एकदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं की विद्युतचालक बल (इथले १२) आणि टोकांमधलं विभवांतर (इथले १०) यांत तिचा पुन्हा गोंधळ होणार नाही.

आता प्रयोग. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्या घरांतून यालाच सगळ्यात कमी किंमत दिली जाते. प्रयोगवहीचे गुण पदरात पडतातच, अशी आपल्याकडची समजूत. मी पदवीला असताना आमच्याकडे उत्तर आधी माहीत असायचं आणि त्याला जुळतील अशी निरीक्षणं मागाहून लिहिली जायची. सगळेच करायचे, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मला आजही त्याची खंत वाटते, कारण त्यामुळे मोजणं म्हणजे काय हे मी फार उशिरा शिकले.

इथे प्रयोगांचं दोन जागी मोजमाप होतं. दोन वर्षांत किमान १२ ठरावीक प्रयोग करावे लागतात, आणि शिक्षक पाहतात की मुलाला उपकरणं हाताळता येतात का, सुरक्षितपणे काम करता येतं का, नोंदी नीट ठेवता येतात का. त्याचा शेरा ए लेव्हलच्या श्रेणीपासून वेगळा, उत्तीर्ण असा मिळतो. पण शिवाय लेखी परीक्षेतले किमान १५ टक्के गुण प्रयोगांच्या समजेवर असतात. एक्यूएच्या तिसऱ्या पेपरात ८० पैकी ४५ गुणांचा भाग प्रयोग आणि निरीक्षणांच्या विश्लेषणाचा आहे. वर्गात जोडीदार वाचन घेत होता आणि मी लिहून घेत होते, एवढ्यावर हा पेपर सुटत नाही.

त्या प्रयोगांतला एक सांगते. तारेची रोधकता काढायची. एक मीटर लांब नायक्रोमची तार, तिचा रोध मोजायचा, लांबी मोजायची, मायक्रोमीटरनं व्यास मोजायचा. लांबी १.००० मीटर, चूक एक मिलिमीटरची, म्हणजे ०.१ टक्का. व्यास ०.३८ मिलिमीटर, चूक ०.०१ मिलिमीटरची, म्हणजे २.६ टक्के. आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून ती दुप्पट होऊन ५.३ टक्के. आता प्रश्न येतो: हा प्रयोग अधिक नेमका करायला काय कराल? निम्मी मुलं लिहितात, ‘लांबी जास्त काळजीपूर्वक मोजू.’ ०.१ टक्का सुधारून काय मिळणार? व्यास तारेवर पाच-सहा जागी मोजा, प्रत्येक जागी काटकोनातही एकदा मोजा, मायक्रोमीटर बंद असताना शून्य दाखवतो का ते आधी पाहा. कुठली चूक उत्तराला सर्वाधिक बिघडवते आणि आपला वेळ कुठे घालवायचा, हा विचार विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यापासून लागतो. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगांतही शेवटी हाच हिशेब होतो. तो सतराव्या वर्षी मुलांच्या हाती येतो, हा मला या अभ्यासक्रमाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

म्हणून तिला सांगा, प्रत्येक प्रयोगात स्वतःच्या हातानं किमान एक पूर्ण संच वाचनं घ्यायची, आणि बिंदू सरळ रेषेवर आला नाही तर तो पुसायचा नाही. परत मोजायचं. तरीही तो रेषेबाहेरच राहिला, तर तसं लिहायचं.

गणिताकडे येते. ए लेव्हल भौतिकशास्त्रात किमान ४० टक्के गुण गणिती कौशल्यावर असतात. पातळी जीसीएसईच्या वरच्या स्तराची किंवा थोडी वर. म्हणजे गणित अवघड नाही, पण ते हातात बसलेलं हवं. समीकरण फिरवून हवी ती राशी एका बाजूला आणणं, दहाचे घात, मायक्रो आणि नॅनो यांची रूपांतरं, आलेखाचा उतार आणि त्याचं एकक, त्रिकोणमिती. दुसऱ्या वर्षी रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) येतात, आणि कॅल्क्युलेटर अंशांत ठेवून सोडवलेली आवर्त गतीची उदाहरणं मी दर हिवाळ्यात ढिगानं तपासते.

मग घातांकी ऱ्हास येतो. समजा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० किलोओहममधून रिकामा होतो आहे. दोन्हींचा गुणाकार ४७ सेकंद, म्हणजे ४७ सेकंदांनी व्होल्टेज मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतं, आणि निम्म्यावर यायला साधारण ३३ सेकंद लागतात. वेळ आणि व्होल्टेज यांचा आलेख वक्र येतो. व्होल्टेजचं नैसर्गिक लॉगरिदम घेतलं की तोच आलेख सरळ रेषा होतो आणि त्याच्या उतारातून ते ४७ परत मिळतात. वक्र सरळ करून त्यातून राशी काढण्याची ही युक्ती पुढे किरणोत्सर्गातही जशीच्या तशी लागते. ज्यांना पहिल्या वर्षी सरळ रेषेचं समीकरण अंगवळणी पडलेलं असतं त्यांना दुसरं वर्ष सोपं जातं.

मुलांना कुणी वेळेवर न सांगितलेल्या दोन बारीक गोष्टी. ‘हे मूल्य सुमारे ५ आहे असं दाखवा’ असा प्रश्न आला की उत्तर ५ लिहून थांबायचं नाही. पायऱ्या दाखवून ४.८७ असं किमान एक अंक जास्त नेमकं लिहायचं, म्हणजे तुम्ही खरंच गणित केलं हे दिसतं. आणि पहिल्या उपप्रश्नात चूक झाली तरी पुढचे उपप्रश्न त्याच चुकीच्या आकड्यानं सोडवत न्यायचे, कारण पद्धत बरोबर असेल तर पुढचे गुण बहुतेक वेळा मिळतात. भारतातून थेट सिक्स्थ फॉर्मला आलेला एक मुलगा माझ्याकडे होता, प्रक्षेप्य गतीची गणितं तोंडी करायचा आणि कागदावर नुसतं उत्तर लिहायचा. एखादं उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे सगळे गुण शून्य. पायऱ्या लिहायला लागल्यावर दोन महिन्यांत त्याची श्रेणी दोन पायऱ्यांनी वर गेली. नवीन भौतिकशास्त्र तो त्या दोन महिन्यांत फारसं शिकलाच नव्हता.

तर जेईईचा क्लास लावावा का? माझं मत, आत्ता नको. त्यातली उदाहरणं सुंदर असतात, मी स्वतः अधूनमधून वर्गात एखादं देते. पण तिच्या ‘डी’ची कारणं त्या क्लासमध्ये दुरुस्त होणारी नाहीत. तिथे तिला आणखी सूत्रं आणि आणखी वेग मिळेल. शब्दांत लिहिणं, अनिश्चितता, प्रयोग यांतलं काही मिळणार नाही, आणि रात्री दोन तास जातील ते वेगळेच. शिवाय विषय इथे तीनच असले तरी प्रत्येकाला वर्गातले चार-पाच तास आणि घरी तेवढेच, असा आठवडा असतो. तो दिसतो त्याहून भरलेला असतो.

त्याऐवजी केंब्रिज विद्यापीठानं चालवलेलं आयझॅक फिजिक्स हे संकेतस्थळ वापरा. आता ते आयझॅक सायन्स या नावानं आहे. मोफत आहे, आणि प्रश्न सोप्यापासून खऱ्या अर्थानं अवघडापर्यंत चढत जातात. उत्तर चुकलं की बरोबर उत्तर लगेच सांगत नाही, इशारा देतं. आठवड्याला दहा प्रश्न पुरेत. दुसरं, तिच्या परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका. कुठलं मंडळ ते शाळा ठरवते, एक्यूए, ओसीआर किंवा एडेक्सेल, तेवढं आधी विचारून घ्या. प्रश्नपत्रिकेसोबत गुणदान तक्ता असतो आणि परीक्षकांचा अहवालही असतो. तो अहवाल बहुतेक मुलं उघडतच नाहीत. यंदा मुलं कुठे चुकली, कुठला शब्द वापरल्यामुळे गुण गेला, सगळं त्यात साध्या भाषेत लिहिलेलं असतं. मी एखादा नवा धडा शिकवायच्या आधी तोच वाचते.

वर्गात कोण शिकवतं तेही हळूच विचारून पाहा. इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्र शिकलेल्या शिक्षकांची जुनी टंचाई आहे. जीसीएसईला तर अनेक शाळांत जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकलेले शिक्षक हा विषय घेतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण मुलांचा पाया थोडा कच्चा राहतो आणि तो ऑक्टोबरात उघडा पडतो. बहुतेक सिक्स्थ फॉर्ममध्ये दुपारी शंकानिरसनाचा तास असतो. आपली मुलं तिथे जायला लाजतात, ‘मला येत नाही’ हे सरांसमोर कबूल करणं त्यांना नको वाटतं. तुमच्या लेकीला तिथे पाठवा, पण ‘समजलं नाही’ एवढंच म्हणू देऊ नका. अडलेला प्रश्न आणि तो कुठल्या ओळीवर अडला, हे घेऊन जावं.

तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय की वर्गात ती धरून दोनच मुली आहेत. हे ओझरतं सोडायचं नाही. ए लेव्हल भौतिकशास्त्राला बसणाऱ्यांत मुली चौघांत एक एवढ्याही भरत नाहीत. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या भौतिकशास्त्राच्या संस्थेनं २०११ सालची आकडेवारी पाहिली होती, तेव्हा मुलगे-मुली एकत्र शिकतात अशा सरकारी शाळांपैकी जवळपास निम्म्या शाळांतून एकही मुलगी या विषयाकडे गेली नव्हती. अशा वर्गात कमी गुण मिळाले की मुलगा म्हणतो, पेपर अवघड होता. मुलगी म्हणते, मीच यातली नाही. मी हे इतक्यांदा ऐकलंय की तुमच्या लेकीचं ‘मला जमणार नाही’ हे वाक्य वाचल्यावर आधी तेच आठवलं.

तिला खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल यांच्याबद्दल सांगा. उत्तर आयर्लंडमध्ये १९४३ साली जन्म. शाळेत मुलग्यांना विज्ञानाच्या वर्गात आणि मुलींना गृहशास्त्राच्या वर्गात पाठवलं, तेव्हा आईवडिलांनी शाळेकडे तक्रार करून लेकीला विज्ञानात बसवलं. १९६७ साली केंब्रिजला संशोधन करताना रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींच्या लांबलचक कागदी पट्ट्यांवर त्यांना एक बारीकशी खूण दिसली. ती कशाचीच वाटत नव्हती, पण त्यांनी ती सोडली नाही. तो पहिला पल्सार होता, ठरावीक वेळानं रेडिओ स्पंद पाठवणारा फिरता तारा. २०१८ साली त्यांना मिळालेलं ब्रेकथ्रू पारितोषिक, सुमारे २३ लाख पौंड, त्यांनी सगळंच्या सगळं इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सकडे दिलं, या विषयात कमी दिसणाऱ्या गटांतल्या मुलामुलींना पीएचडी करता यावी म्हणून. रेषेबाहेरचा बिंदू पुसायचा नाही असं मी वर लिहिलं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता विद्यापीठ. तुम्हाला नाशिकच्या पद्धतीत बारावीनंतर धावपळ सुरू होते असं माहीत असेल. इथे ती वर्षभर आधी सुरू होते. अंतिम परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे-जूनमध्ये, आणि निकाल ऑगस्टमध्ये. पण विद्यापीठांचे अर्ज यूकास या सामाईक प्रवेशसंस्थेमार्फत त्याआधीच्या शरद ऋतूत जातात आणि त्यात शिक्षकांनी दिलेल्या अपेक्षित श्रेणी असतात. त्या श्रेणी बहुतेक शाळा पहिल्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेवरून ठरवतात. म्हणजे आत्ताचा ‘डी’ कुठल्याच अर्जात जात नाही, पण येत्या जूनच्या शाळेतल्या परीक्षेला मोठं वजन आहे. अर्जात पाच जागा निवडता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकच निवडता येतं आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. बाकीच्यांची जानेवारीत. केंब्रिजला भौतिकशास्त्र ‘नॅचरल सायन्सेस’ या पदवीतून शिकायचं असतं. केंब्रिज आणि लंडनचं इंपीरियल कॉलेज ईसॅट ही प्रवेश परीक्षा घेतात. त्यात कॅल्क्युलेटर चालत नाही. आपल्याकडच्या आकडेमोडीच्या सवयीचा तिथे खरा फायदा होतो, तेव्हा ती सवय घरात जिवंत ठेवा.

भौतिकशास्त्राच्या पदवीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही ए लेव्हलला लागतात, हे जवळजवळ सगळीकडे पक्कं धरा. वरच्या विद्यापीठांत ए स्टारची (‘ए’च्याही वरची श्रेणी) अपेक्षा असते, पण चांगली भौतिकशास्त्र खाती त्याखालच्या श्रेणींवरही प्रवेश देतात. तीन वर्षांत बीएससी किंवा चार वर्षांत एमफिज (पदव्युत्तर वर्ष धरून), असे दोन रस्ते असतात. फर्दर मॅथ्स बहुतेक ठिकाणी सक्तीचं नाही, पण असेल तर पहिलं वर्ष बरंच हलकं जातं, कारण संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि विकलक समीकरणं तिथे पहिल्याच सत्रात येतात. तुमच्या लेकीनं आत्ता चौथा विषय अंगावर घेऊ नये. तीन नीट बसू देत. दुसऱ्या वर्षी फर्दर मॅथ्सचा फक्त एएसपुरता (ए लेव्हलच्या साधारण निम्मा) भाग घेण्याची सोय शाळेत आहे का, ते उन्हाळ्याआधी विचारा. नसेल, तर परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिनं हेच तीन भाग स्वतः शिकले तरी चालेल. आणि रसायनशास्त्र सोडू नका, त्यामुळे तिच्यापुढे नॅचरल सायन्सेस, केमिकल इंजिनिअरिंग, मटेरियल्स असे बरेच दरवाजे उघडे राहतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कामाच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट आतापासून पाहावी. शाळेत फी नाही, म्हणून विद्यापीठातही इथल्या मुलांसारखीच फी लागेल असं बरेच जण धरून चालतात. इथल्या दरानं फी लागण्यासाठी साधारणपणे अभ्यासक्रम सुरू होण्याच्या वेळी कायम वास्तव्याचा दर्जा आणि त्याआधीची किमान तीन वर्षं इथलं राहणं दाखवावं लागतं. तसं नसेल तर आंतरराष्ट्रीय फी लागते. इथल्या मुलांसाठी इंग्लंडमधली फी २०२५-२६ साली वर्षाला ९,५३५ पौंड होती, आणि आंतरराष्ट्रीय फी भौतिकशास्त्रासाठी अनेक विद्यापीठांत तिच्या तिपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जाते. तुमची तारीख कुठे बसते ते कागदावर मांडून ठेवा आणि विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला लेखी विचारा. ऐन ऑगस्टात हे कळून हवालदिल झालेली दोन कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत.

आणि या रविवारी एवढं करा. तो ‘डी’चा पेपर लपवलेला असेल तिथून बाहेर काढायला सांगा. रागावायला नाही, मोजायला. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तिनं एक अक्षर लिहावं. गणितात किंवा एककात चूक झाली तर ‘ग’. कल्पनाच कळली नव्हती तर ‘क’. कळलं होतं पण लिहिताना कडी गळली किंवा प्रश्न नीट वाचला नाही, तर ‘ल’. मग तिन्ही अक्षरांची बेरीज करा. ‘ल’ जास्त निघाले तर रोजची ती दहा मिनिटं आणि गुणदान तक्ता, एवढ्यानं जानेवारीपर्यंत फरक दिसेल. ‘ग’ जास्त असतील तर आयझॅकवरचे गणिताचे सोपे प्रश्न आधी संपवू देत. ‘क’ जास्त असतील तर कुठल्या धड्यातले ते पाहून शंकानिरसनाच्या तासाला त्याच धड्यापासून सुरुवात करावी. मला तिन्ही आकडे कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.